पंचामृत

गणपतीची आरती संपली आणि आत्याने पळीने सगळ्यांच्या तळहातावर पंचामृत घालायला सुरुवात केली. अन्विताने ऐटीत हात पुढे केला. काल तिने आणि समोरच्या केतकीने हरतालिकेचा पहिलावहिला निर्जळी उपवास केला होता.

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आत्या!"

"कळलं गं बाई, सकाळपासून तेच ऐकतेय! घे आता."

अन्विताने तळहात ओठांशी नेला, तेवढ्यात मनगटावरची पट्टी लाल झाली.

तान्हेपणी दुधाच्या थेंबानेही तिचा घसा सुजून श्वास अडकायचा. मग डॉक्टरांनी तिच्या पोटात खास जंतू सोडले, शरीराची दुधाशी दोस्ती करून देणारे, आणि त्यांची खबर देणारी पट्टी मनगटाला बांधली. अट एकच होती, त्यांना रोज घोटभर दूध पाजायचं. पुढे तिने बासुंदी, लस्सी, श्रीखंड इतकं हाणलं, की ती अट घरात कुणाच्या लक्षातच राहिली नाही.

"जंतू मृत. दूध घेऊ नका," आत्याने पट्टीवर वाचलं आणि तिचा हात जोरात झटकला. पंचामृत फरशीवर सांडलं.

"वाचलीस गं!"

पण अन्विता खिडकीकडे धावली. केतकीच्या पोटातही तेच जंतू होते, आणि पट्टी तर तिने परवा मनगटभर मेंदी काढायची म्हणून उतरवून ठेवली होती. समोरची आरतीही थांबली होती.

"केतकी, पंचामृत पिऊ नकोस!"

खिडकीतून केतकीने हसत मेंदीचा हात हलवला. तळहात ओला होता. दुसऱ्या हाताने ती गळा खाजवत होती.