वहाणांची रांग

"या मुलखातलं एकही भूत माझ्यापुढे टिकलेलं नाही!" १९५३ साली नंदाबाईच्या ओसरीवर बसून केशोरीच्या कवडू भगतानं जाहीर केलं. भुतांना विचारून खात्री करायची सोय नव्हती.

नंदाबाईची सहा वर्षांची सगुणा बोलत नसे, कोणाच्या डोळ्यांत बघत नसे, दिसेल ती वस्तू रांगेत मांडत बसे. स्वमग्न हा शब्द गावात पोचायला पुष्कळ अवकाश होता. भूत उतरवायला तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा रिवाज मात्र केव्हाच पोचला होता. अंगणातल्या चुलीत विळा लाल होत होता आणि नंदाबाई भगतापुढे हात जोडत होती.

"लेकरू हाय जी माह्यं, नोका देऊ चटका!"

भगत विळा आणायला उठला. बघायला जमलेल्या सगळ्यांच्या पायरीवरच्या वहाणा सगुणानं रांगेत लावल्या होत्या. त्यानं आपल्या तेवढ्या ओढल्या, आणि सगुणा अशी किंचाळली, की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. भगताला वाटलं, आज पहिल्यांदाच खरं भूत भेटलं. त्यानं वहाणा होत्या तिथे ठेवल्या आणि तो भिंतीला टेकून बसला.

दिवस मावळला. चुलीतला विळा केव्हाच निवला होता.



"बाई, मले घरी जाचं आहे," भगत हळूच म्हणाला, "पोरीले इचारून माह्या वहाणा काढून देता का जी?"