मधलं मशीन

पुष्कळ कॉम्प्युटर मिळून एकच मोठं काम वाटून घेतात, तेव्हा त्यांनी एकमेकांशी कुठल्या रस्त्याने बोलायचं, हे तेजस्विनी ठरवते. ऑफिस सातपूरला, सासरही तिथेच. माहेर एकलहऱ्याला, आणि तिथे सध्या आईबाबांचा अबोला.

रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. "तेजू, तुझ्या बाबांना सांग, गोळी घ्यायची राहिलीय."

ती बाबांना फोन लावायची. "तुझ्या आईला सांग, घेतली म्हणून." मागे आईच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची.

शेवटी ती वैतागली. "आई, शेजारशेजारची मशीन्स असा लांबचा वळसा घालून बोलायला लागली ना, तर मला नोकरीवरून काढतील. तुम्ही आता थेट बोला. मी मध्ये नाही."

"बरं बाई," आई म्हणाली. त्यानंतर फोन आलाच नाही.

रविवारी तिला राहवेना. न कळवताच ती माहेरी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाबा कुणाची तरी नक्कल करत होते आणि आई हसून हसून डोळे पुसत होती. "पुरे हो आता, पोट दुखायला लागलं माझं!"

दार करकरलं तशी दोघं एकदम गप्प झाली. बाबांनी पेपर उघडला. आईने घाईघाईने तोंड फिरवलं.

"तेजू, तुझ्या बाबांना सांग, चहा गार होतोय."

तेजस्विनीने पर्स ठेवली आणि सोफ्यावर बरोबर दोघांच्या मध्ये जाऊन बसली.

"बाबा, आई म्हणतेय, चहा गार होतोय."