बंपरवरची सोयरीक

केसरीनाथच्या जीपला पुढे बाजारातले नवे स्प्रिंग बसवल्यापासून ती खड्ड्याखड्ड्याला कुईकुई करायची. लेकीला बघायला खारबावचे पाहुणे येणार होते. त्यांना आणायला अशी रडकी गाडी न्यायची कशी? त्याने अय्यूब मेकॅनिकला अंगणातच बोलावलं. अय्यूब गाडीखाली शिरला. "शेठ, बंपरवर चढून उड्या मारा. आवाज कुठून येतो बघतो." केसरीनाथ लुंगी खोचून चढला आणि नाचू लागला. तेवढ्यात फाटकात, वेळेआधीच, रिक्षातून नवऱ्या मुलाचे वडीलच उतरले. माणूस कडक, कधी न हसणारा. सोयरीक गेली, केसरीनाथला वाटलं. "आवाज शोधतोय," तो कसाबसा म्हणाला. पाहुणे चपला काढून शेजारी चढले. "माझी जीप याच आवाजापायी इकली. मारा उडी!" दोघं उडाले. "मिल गया!" खालून अय्यूब ओरडला. "स्प्रिंगचा रबरी बुश सुकलाय. उतरा." "थांब रे," पाहुणे धापा टाकत म्हणाले, "खात्री होऊ दे."