न धुतलेली बरणी

"आताच्या आता धू थे," चंद्रभान काठी आपटून म्हणाले. "माह्यासमोर धू."

करिश्मानं सासऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सकाळीच तिनं संत्र्याची वाइन बाटल्यांत भरली होती. काचेची मोठी बरणी, रबरी नळी, गाळणं, सगळं तसंच मोरीत पडलं होतं. एरवी ती स्वतःचे हात धुवायच्या आधी बरणी धुवायची. गरम पाणी, सोडा, लांब दांड्याचा ब्रश. मग उन्हात उलटी घालून वाळवायची आणि तोंडाला फडकं बांधून माळ्यावर ठेवायची. जरा गाळ राहिला की पुढची सगळी वाइन बिघडते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पण आज हुकूम झाला होता. म्हणून आज ती धुणार नव्हती.

लग्न होऊन राजापेठेतल्या या फ्लॅटमध्ये ती आली, तेव्हापासून सासरे-सुनेचं या एकाच गोष्टीवरून वाजत होतं. तिनं बरणी भरायला घेतली की चंद्रभान पिशवी उचलून बार्शीटाकळीला शेतावर निघून जायचे. बाटल्या मैत्रिणींकडे पोचल्या, बरणी माळ्यावर चढली, की परत यायचे आणि तोंड सोडायचे. "हे घर हाय का गुत्ता?" पाहुण्यांसमोर त्यांनी तिला गुत्तेवाली म्हटलं होतं. नवरा अनुप दोन्हीकडचं ऐकायचा आणि ऑफिसला पळायचा.

या खेपेला गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि म्हातारा घरातच अडकला. वाइन मुरत होती तेवढे दिवस त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. जेवणाचं ताटही दाराच्या फटीतून घेतलं. करिश्माला तो तिचा अपमान वाटला होता.

"धुते का नाही?"

"मामाजी, मी तुमची मोलकरीण नाही. बाटल्या पोचवून येईन, मग बघू. नाहीतर उद्या धुईन."

"सून हाय का दुश्मन?"

"तुम्हीच ठरवा."

बाटल्यांची पिशवी उचलून ती निघाली. मोरीचं दार तिनं मुद्दाम सताड उघडं ठेवलं. बसू दे म्हाताऱ्याला नाक दाबून.

बाजारातल्या गर्दीतून स्कूटर काढताना ती मनातल्या मनात भांडतच होती. मैत्रिणीच्या दाराला कुलूप होतं. ती तशीच परत फिरली.

घराचं दार उघडलं तर काठी सोफ्याजवळ पडलेली. मोरीतून काच फरशीवर घासल्याचा आवाज आला. फोडतोय! ती धावली.

चंद्रभान ऑपरेशनचा पाय लांब करून ओल्या फरशीवर बसले होते. बरणी मांडीवर आडवी. तोंड बरणीच्या तोंडाशी.

"थुंकता त्यात? इतका द्वेष?" करिश्मा ओरडली आणि तिनं बरणी हिसकली.

त्यांनी ती सहज सोडली. वर बघितलं. पांढऱ्या मिशीला पिवळा गाळ चिकटला होता. बोटंही त्याच गाळानं भरली होती.



"अनुप दहावीत होता तवा दारू सोडली होती," ते खाली बघत म्हणाले. "त्याच्या मायनं कोणाले कळू नाही देल्लं. अनुपनंही तुले नाही सांगतलं."

तिनं नळ पूर्ण सोडला. बरणी, नळी, गाळणं, सगळं पाण्याखाली ढकललं.

"हे सगळं आजच घराबाहेर जाईल," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "पण मला सांगायचं ना, मामाजी! इतके दिवस नुसत्या शिव्या कशाला देत होता?"

चंद्रभाननी सदऱ्याच्या बाहीनं मिशी पुसली. पुन्हा पुसली.

"शिव्या देतानी मान वर राह्यते, पोरी."