बिनपिसांचं शहामृग

सावलीसाठी हौसाक्कांनी खांबांना बांधलेलं जुनं लुगडं सोनवलकर साहेबांनी ओरबाडून काढलं. म्हसवडच्या माळावरच्या शहामृग केंद्रात तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

"वरच्या कॅमेऱ्याला पिल्लं दिसत नाहीत. पुन्हा असलं काही बांधलंत तर घरी बसा."

"काल नऊ पिल्लं उन्हानं गेली, साहेब. आई पंख पसरते, पण सावलीच पडत नाही."

मादी खरंच पंख पसरून उभी होती. नुसत्या कातड्याचे ते दोन काटकुळे पंख, आणि त्यांच्यामधून ऊन थेट पिल्लांवर.

"उडत नाही त्याला पिसं कशाला? म्हणून तर आम्ही ती जनुकांतूनच काढली. तुम्ही शेण काढा, मला विज्ञान शिकवू नका."

तेवढ्यात तेरा उघडी पिल्लं आईखालून निघाली आणि धावत साहेबांच्या सावलीत शिरली. साहेब चिडून बाजूला झाले. पिल्लंही सरकली. एक मागे राहिलं, धडपडलं आणि परत उठलं नाही.

साहेबांनी पुन्हा पाय उचलला.

"आता हलू नका," हौसाक्का हळूच म्हणाल्या. "ऊन उतरायला अजून तीन तास आहेत."