कडक पथ्य

"हात दाखव," स्वरूप म्हणाला.

गुणवंतीने हात मागे घेतला. त्याने मनगट धरून तो पुढे ओढला आणि आईची बोटं नाकाशी नेली. बोंबलाच्या कालवणाचा वास. ताज्या, आजच शिजवलेल्या.

"आये, मासळी खाल्लीस तू?"

तिने हात सोडवून घेतला. दादरच्या बाजारात तिने उभा जन्म मासळी विकली होती. हाताला माशाचा वास येतो म्हणून तिला आजवर कुणी जाब विचारला नव्हता. आता पोटचा पोरगा विचारत होता.

"पोटात गाठ आहे तुझ्या! आज त्या गाठीला जेवायला घातलंस तू! मी तिकडे कामावर गेलो की इकडे हेच चालतं ना?"

"अहो, आवाज कमी करा. आधी ऐका तरी," त्याची बायको रंजिता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. तूच शिजवलंस ना?"

"हो. मीच शिजवलं."

स्वरूप लालबागच्या एका जिममध्ये ट्रेनर होता. लोकांची वजनं उतरवणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचं नाव होतं. आईच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा तो घाबरला आणि मोबाइलवर मिळेल ते वाचत सुटला. कॅन्सरची पेशी साखरेवर जगते, असं त्याने वाचलं आणि घरातली साखर मोरीत ओतली. भाताची शेवटी साखरच होते, म्हणून भात गेला, भाकरी गेली. मग कळलं, साखर कमी पडली तर ती पेशी प्रोटीनमधलं काही वापरते. शीवच्या कोळीवाड्यातल्या त्या घरातून मासळी गेली. चरबीवरही तिचं भागतं, हे कळलं त्या दिवशी खोबरं आणि तेल गेलं. राहिला दुधीचा रस नि काकडी. त्याने वाचलं ते सगळंच काही खोटं नव्हतं. पण दर वेळी त्याने अर्थ एकच काढला: आणखी एक डबा बंद. आई वाळत गेली. त्याला वाटलं, गाठ वाळतेय. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरगा असावा तर असा.

गुणवंती भिंतीला धरून उठली.

"झालं बोलून? आता माझं ऐक, मेल्या. आज परळला केमो होती माझी. तुला गिऱ्हाईक होतं म्हणून रंजिता आली माझ्यासोबत. घरात पाय टाकल्यापासून माझे हात हुंगतोयस. केमोचं काय झालं, विचारलंस?"

स्वरूपचा आवाज खाली आला. "काय झालं?"

"झालीच नाही. मला काट्यावर उभी केली नि डॉक्टरीणबाई म्हणाली, एवढ्याशा अंगाला हे औषध झेपणार नाही. वजन वाढवा, मग देऊ. नाही वाढलं तर नाही. जेवता काय, तर मी सांगितलं. मला काही बोलली नाही ती. हिला बोलली. सगळ्या लोकांसमोर! तुझ्या वाटणीच्या शिव्या हिने खाल्ल्या."

"पण ती पेशी साखरेवरच..."

"साखर तिला लागते, खरं आहे म्हणाल्या," रंजिता पुढे आली. "पण घरातली साखर बंद केली म्हणून रक्तातली बंद होत नाही. माणूस जेवला नाही तर शरीर स्वतःचंच मांस मोडून साखर करतं. करावीच लागते, मेंदूला लागते ती. गाठ तिथून उचलते. साखर नाही तर दुसरं काही. आईंचे दंड बघा. ते कुठे गेले, सांगा मला."

स्वरूपने आईच्या दंडांकडे पाहिलं. ब्लाउजच्या बाह्या लोंबत होत्या. इतके दिवस तो काट्यावरचा आकडा बघत होता.

"बाजारातलं मांजर बघितलंयस ना?" गुणवंतीचा आवाज चिरकला. "सुरमई नाही मिळाली तर बोंबील खातं. बोंबील नाही तर पाटी चाटतं. उपाशी मरताना बघितलंस कधी? तू मांजराला मारायला निघालास नि कोळणीला उपाशी ठेवलंस!"

"मला काय हौस होती?" तो ओरडला. "बाबा गेले तेव्हा मी काही करू शकलो नाही. या वेळी हातावर हात ठेवून बसणार नव्हतो मी!"

मग स्वरूपने तोंडावरून हात फिरवला आणि खाली बसला. त्याचा राग उतरत होता, पण हुकूम करायची सवय सुटली नव्हती.

"बरं. चुकलं माझं. आज जेवलीस ते चांगलं केलंस. उद्यापासून भात, मासळी, तूप, सगळं चालू. मी स्वतः वाढीन. आठवड्याभरात वजन वाढवून दाखवतो."

रंजिता आत गेली. ताट घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. मऊ भाताची मूद जशीच्या तशी होती. कालवणावर साय धरली होती. एका बोंबलाचा कोपरा तेवढा बोटांनी मोडला होता, आणि मोडलेला तुकडा ताटाच्या कडेला पडला होता.

"दुपारपासून बसल्या होत्या पानावर," ती म्हणाली.

स्वरूप ताटाकडे बघत राहिला. गुणवंतीने पदराने बोटं पुसली.

"जिंकलास तू, स्वरूप," ती म्हणाली. "आता मला भूकच लागत नाही."