एकही शब्द न कापता

"आज मऊ लिहा, बाबा," लेक म्हणाली. "काहीही करून मिटायला हवं."

ती दारातच उभी होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. आजच्या बैठकीत लेखकांचा संप मिटला नाही, तर उद्या सकाळी ती विमा कचेरीत कारकून म्हणून रुजू होणार होती. लिहिणं कायमचं खुंटीला टांगून. घरात आणखी ओढाताण सोसायची नवऱ्याची तयारी उरली नव्हती, आणि त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

बाबांनी चष्मा चढवला. उभी हयात पटकथा लिहिण्यात गेलेला माणूस. निर्मात्यांनी त्यांचे प्रसंग कापले, संवाद फिरवले, शेवट बदलले आणि सरतेशेवटी त्यांनाच कापलं. तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून घरच्यांचे कान किटवायचे, एवढाच उद्योग राहिला होता. पण संप सुरू झाला, लेक संघटनेची पत्रकं त्यांच्याकडून लिहून नेऊ लागली आणि म्हातारा असा खुलला की विचारू नका. दाढी रोज होऊ लागली. बंद पडल्यासारखा फोन पुन्हा वाजू लागला. संपकऱ्यांचं अख्खं मैदान तुमची वाक्यं तोंडपाठ म्हणतं, असं लेकीने सांगितलं तेव्हा त्यांना रडूच आलं होतं.

निर्मात्यांच्या पत्रकांचा मात्र लेकीने धसका घेतला होता. लेखक काय, पैशाला पासरी मिळतात, असं त्यांनी मागच्या खेपेला छापलं आणि तडजोडीला निघालेली माणसं पुन्हा पेटून उठली.

"कोण लिहितो कोण जाणे," ती म्हणाली. "नेमकं वर्मावर बोट ठेवतो मेला."

"खलनायकाला चांगले संवाद लागतातच. त्याशिवाय नायक उभा राहत नाही."

"बाबा, ही गोष्ट नाहीये. माझं आयुष्य आहे."

बाबांना गलबलून आलं. पोरीत आपलाच हात उतरलाय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते लिहायला बसले आणि खरोखर मऊ लिहिलं. आम्ही भांडायला आलो नाही, कामावर परत यायला आलो आहोत, असं. लेकीने उभ्या उभ्या वाचलं, डोळे पुसले आणि कागद घेऊन निघाली. आता मिटलंच समजा, असं जिन्यावरून ओरडून गेली.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बाबा खिडकीतून बघत राहिले. मग खुर्चीत बसले. खुर्ची तीच, खिडकी तीच, समोरची भिंतही तीच.

बैठक सुरू व्हायच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे निर्माता होता. त्याने ते मऊ पत्रक वाचून दाखवलं. आमची माणसं विरघळलीत, म्हणाला, मागण्या मान्य करून टाकू का?

बाबांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"घ्या लिहून," ते म्हणाले. "आणि नेहमीसारखं, एकही शब्द कापायचा नाही. 'परत या, पण मागच्या दाराने.'"